स्टेट स्ट्रीटवरील मार्शल फील्ड : एका पेढीचा विस्तार आणि नामांतर

शिकागो शहराच्या मध्यभागी उंच लोखंडी खांबांवरून धावणारी नागरी रेल्वे व्यापारी वस्तीला चौकोनी वळसा घालते आणि त्या वळशातील भागाला सारे शहर ‘लूप’ या नावाने ओळखते. या रेल्वेच्या वॉशिंग्टन-वॉबॅश स्थानकावर उतरून उत्तरेकडे पाहिले, की चौकापलीकडे एक नऊ मजली जुनी इमारत दिसते. तिला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, अशा निरनिराळ्या काळी बांधलेल्या इमारतींनी वॉबॅश, वॉशिंग्टन, स्टेट आणि रँडॉल्फ या चार रस्त्यांमधली सगळी जागा व्यापलेली आहे. दारांवर ‘मेसीज’ हे नाव आहे, परंतु कोपऱ्यांवरच्या भिंतींत बसवलेल्या ब्राँझच्या पाट्यांवर ‘मार्शल फील्ड अँड कंपनी’ ही अक्षरे अजून तशीच आहेत. एकाच वास्तूवर ही दोन नावे कशी आली हे समजून घेताना अमेरिकेतील डिपार्टमेंट स्टोअर या संस्थेचा बराचसा इतिहास नजरेखालून जातो. कापड, टोप्या, चिनी मातीची भांडी, दागिने, फर्निचर, खेळणी असे भिन्न प्रकारचे जिन्नस एकाच छताखाली, परंतु स्वतंत्र विभागांत, प्रत्येक विभागाचा खरेदीदार आणि हिशोब वेगळा ठेवून विकणारे मोठे दुकान म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर. आणि अशा दुकानाने एका मालकीखाली गावोगावी शाखा काढल्या की त्याची साखळी बनते.

या पेढीची सुरुवात आजच्या जागी झाली नाही. काही चौक उत्तरेला, शिकागो नदीला समांतर जाणाऱ्या लेक स्ट्रीटवर पॉटर पामर या व्यापाऱ्याने १८५२ साली ‘ड्राय गुड्स’चे, म्हणजे कापडचोपड, सुई-दोरा, लेस, फिती अशा मालाचे दुकान काढले. त्याच्या चारच वर्षे आधी, १८४८ साली, मिशिगन सरोवराला इलिनॉय नदीशी जोडणारा कालवा आणि शहरातला पहिला लोहमार्ग हे दोन्ही सुरू झाले होते, आणि पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत वसत चाललेल्या शेकडो खेड्यांना लागणारा माल याच नदीकाठावरून पुढे जात होता. पामरने स्त्रियांची गिऱ्हाइकी मुद्दाम मिळवली. घरी नेऊन पाहिलेला माल पसंत पडला नाही तर तो परत घेण्याची त्याची पद्धत त्या काळच्या घासाघिशीच्या बाजारात वेगळी ठरली. यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या मालाचे भाव चढतील हा त्याचा अंदाज खरा ठरला आणि तो श्रीमंत झाला.

मार्शल फील्ड हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉनवे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. १८३४ साली जन्मलेला हा तरुण १८५६ साली शिकागोत आला आणि एका घाऊक कापडपेढीत कारकून म्हणून लागला. अबोल, काटकसरी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची आवडनिवड लक्षात ठेवणारा अशी त्याची ख्याती होती. १८६५ साली त्याने सहकारी लेव्हाय लायटरसह पामरशी भागीदारी केली. दोन वर्षांनी पामर निवृत्त होऊन जमिनींच्या व्यवहाराकडे वळला आणि पेढी ‘फील्ड, लायटर अँड कंपनी’ झाली. लेक स्ट्रीट नदीला चिकटून, चिखलाने आणि मालगाड्यांनी भरलेला असल्याने पामरने त्या रस्त्याला काटकोनात जाणाऱ्या स्टेट स्ट्रीटवरच्या जागा विकत घेतल्या आणि हा रस्ता रुंद करवला. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याने उभारलेल्या, लोकांनी ‘संगमरवरी महाल’ म्हटलेल्या इमारतीत वर्षाला ५०,००० डॉलर भाड्याने फील्ड आणि लायटर १८६८ साली दुकान घेऊन आले. शिकागोची बाजारपेठ या स्थलांतरानंतर नदीकाठ सोडून स्टेट स्ट्रीटवर सरकली.

हा महाल जेमतेम तीन वर्षे टिकला. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री सुरू झालेल्या प्रसिद्ध आगीने शहराचा मध्यभाग बेचिराख केला, त्यात ही इमारतही गेली. मात्र नोकरांनी गाड्यांतून हलवता येईल तेवढा माल सरोवराच्या दिशेने वाचवून नेला होता, आणि काही आठवड्यांतच दक्षिणेला विसाव्या रस्त्यावर घोडागाड्यांच्या ट्राम कंपनीच्या तबेल्यात दुकान पुन्हा सुरू झाले. १८७३ साली पेढी जुन्या कोपऱ्यावर परतली. या वेळची इमारत शिवणयंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीने बांधलेली होती. १८७७ साली तीही जळाली आणि सिंगरने तेथे पुन्हा इमारत उभी केली, तेव्हा ती फील्ड आणि लायटरने १८७९ साली ७ लाख डॉलरना विकतच घेतली. १८८१ साली लायटरचा हिस्सा फील्डने घेतला आणि पेढीला ‘मार्शल फील्ड अँड कंपनी’ हे नाव मिळाले, जे पुढे सव्वाशे वर्षे चालले. दोन आगींनंतरही पेढी त्याच कोपऱ्यावर उभी राहिली या गोष्टीचा शहराच्या मनावर झालेला परिणाम तिच्या पुढच्या यशात मोलाचा ठरला.

वॉबॅशच्या कोपऱ्यावरची जी नऊ मजली इमारत प्रवाशाला आधी दिसते, ती आज शिल्लक असलेल्या समूहातली सर्वांत जुनी. डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीतील वास्तुरचनाकार चार्ल्स ॲटवुड यांनी तिचा आराखडा केला आणि १८९३ साली, कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त भरलेले जागतिक प्रदर्शन चालू असतानाच, ती खुली झाली. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेशांची नोंद झालेल्या या प्रदर्शनामुळे अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातील आणि परदेशांतील माणसे शिकागोत आली. भारतीय वाचकाला हे वर्ष ठाऊक आहे ते सर्वधर्म परिषदेमुळे. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी जेथे भाषण केले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत या कोपऱ्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, मिशिगन ॲव्हेन्यूवर आहे. मराठी वाचकांपुरते पाहता त्याच्या चार वर्षे आधी, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी आपल्या अमेरिकेच्या प्रवासावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि शिक्षणात, व्यवसायांत आणि संस्थांच्या कारभारात शिरलेल्या अमेरिकन स्त्रियांची ओळख करून दिली होती. घराबाहेर पडलेल्या याच स्त्रीवर्गाच्या बळावर डिपार्टमेंट स्टोअर वाढले.

वॉशिंग्टन स्ट्रीटने पश्चिमेकडे चालत गेले की स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पादचाऱ्यांच्या डोक्यावर भिंतीतून पुढे आलेले ब्राँझचे मोठे घड्याळ दिसते. पहिले घड्याळ येथे १८९७ साली लावले गेले आणि पुढे रँडॉल्फच्या कोपऱ्यावर त्याची जोड आली. प्रत्येकाचे वजन सुमारे पावणेआठ टन आहे. ‘घड्याळाखाली भेटू’ एवढे म्हटले की कोणते घड्याळ हे शिकागोत वेगळे सांगावे लागत नसे. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनी शिडीवर चढून ते जुळवणाऱ्या कारागिराचे चित्र ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या ३ नोव्हेंबर १९४५ च्या मुखपृष्ठासाठी काढले, तेव्हा ते देशभर पोहोचले.

घड्याळाखालच्या दारातून आत जाताना हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या माणसाची आठवण करणे भाग पडते, कारण फील्डची पत आणि शिस्त यांना झगमगाटाची जोड त्याने दिली. १८७९ साली मालखान्यातला पोऱ्या म्हणून लागलेला सेल्फ्रिज काही वर्षांत किरकोळ विक्रीचा प्रमुख आणि १८९० साली भागीदार झाला. रात्रीही खिडक्यांत दिवे ठेवणे, तळघरात स्वस्त मालाचा विभाग काढणे, माल काउंटरमागे न दडवता हाताळता येईल असा मांडणे आणि गिऱ्हाइकाला काही न घेताही मनसोक्त हिंडू देणे, या त्याच्या पद्धती आज सामान्य वाटतात. त्या काळी दुकानात पाऊल टाकले की विक्रेता पाठ सोडत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे नवेपण कळते. बाईसाहेबांना हवे ते द्या, या आशयाचे फील्डच्या तोंडी घातले जाणारे वाक्य पेढीचे ब्रीद बनले. १९०४ साली सेल्फ्रिज बाहेर पडला आणि १९०९ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्याने स्वतःच्या नावाचे दुकान उघडले. स्टेट स्ट्रीटवर तयार झालेली रीत अशा प्रकारे युरोपातही गेली.

स्टेट स्ट्रीटच्या बाजूची इमारत बर्नहॅम यांच्याच कचेरीने टप्प्याटप्प्याने बांधली; उत्तरेकडचा भाग १९०२ साली आणि दक्षिणेकडचा १९०७ साली खुला झाला. दक्षिण भागाच्या मध्यभागी सज्जांनी वेढलेला पाच मजली उंचीचा मोकळा चौक असून त्यावर लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्याने घडवलेले मोझेइकचे छत आहे. मोझेइक म्हणजे काचेचे रंगीत तुकडे एकाशेजारी एक बसवून साधलेली नक्षी. सुमारे ६,००० चौरस फुटांच्या या छतात १६ लाख तुकडे असल्याचे सांगितले जाते, आणि सुमारे ५० कारागिरांनी दीड वर्ष खपून ते पुरे केले. निळ्या आणि सोनेरी रंगाचे हे छत तळमजल्यावरून न्याहाळताना आजूबाजूच्या अत्तरे-प्रसाधनांच्या काउंटरांचा विसर पडतो. एरवी चर्च किंवा राज्यसभागृहासाठी राखलेली कलाकुसर येथे विक्रीच्या जागेवर केलेली आहे, आणि त्यासाठी कोणाकडून प्रवेशमूल्य घेतले जात नाही.

सातव्या मजल्यावर, पेढीच्या इतिहासात स्त्रियांचे स्थान सर्वांत स्पष्ट करणारी जागा आहे. एकट्या स्त्रीने शहरातील उपाहारगृहात बसून जेवणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे, त्यामुळे दुपार झाली की गिऱ्हाईक घरी परतत असे. पेढीच्या कथेनुसार टोप्यांच्या विभागात काम करणाऱ्या हेरिंग नावाच्या बाईंनी दमलेल्या गिऱ्हाइकांना घरून आणलेला ‘चिकन पॉट पाय’ हा पदार्थ, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेले कोंबडीचे सारण, खाऊ घातला आणि त्यातून १८९० साली दुकानात चहाचे दालन निघाले. १९०७ च्या इमारतीत त्याला मोठी जागा मिळाली. कॉकेशस भागातील अक्रोडाच्या लाकडाने मढवलेल्या भिंतींवरून तिला ‘वॉलनट रूम’ हे नाव पडले. नाताळात येथे उभारला जाणारा कित्येक मजली उंच वृक्ष आणि त्याखाली जेवणारी कुटुंबे ही परंपरा १९०७ पासूनची असून हेरिंगबाईंच्या नावाचा ‘पॉट पाय’ अजूनही येथे मिळतो. वाचनाची आणि पत्रलेखनाची दालने, मुले सांभाळण्याची सोय, टपाल व टेलिफोन यांमुळे दिवसभर शहरात वावरण्यासाठी मध्यमवर्गीय स्त्रीला हक्काची जागा मिळाली. १८९५ ते १९४४ या काळात दर्शनी खिडक्यांची सजावट सांभाळणारे आर्थर फ्रेझर यांनी या व्यवसायाला कलेचा दर्जा मिळवून दिला, आणि वरच्या मजल्यावर बनवली जाणारी ‘फ्रँगो’ ही पुदिन्याची चॉकलेटे शहराबाहेरच्या पाहुण्यांनी घरी न्यायची वस्तू ठरली.

या वैभवाची दुसरी बाजू प्रवाशाला इमारतीत दिसत नाही. फील्ड कामगार संघटनांचा कट्टर विरोधक होता. १८८६ साली लूपच्या पश्चिमेला हेमार्केट चौकात, आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी चाललेल्या चळवळीच्या काळात, पोलिसांवर बाँब पडला आणि अपुऱ्या पुराव्यावर दोषी ठरवलेल्यांपैकी चौघांना पुढच्या वर्षी फाशी झाली. शिक्षा सौम्य करावी या मागणीला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांत फील्डचे नाव ठळक होते. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तक्रारीला मान देणाऱ्या या माणसाने कामगारांच्या संघटित तक्रारीला मात्र कधी दाद दिली नाही. १९०६ च्या जानेवारीत न्यूमोनियाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो देशातील सर्वांत धनाढ्य लोकांत गणला जात होता.

स्टेट स्ट्रीटवरून दक्षिणेकडे एक चौक गेले की मॅडिसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लुई सुलिव्हन यांची इमारत लागते. ओतीव लोखंडाच्या वेलबुट्टीने मढवलेले तिचे गोल प्रवेशद्वार आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. श्लेसिंगर अँड मेयर या पेढीसाठी सुरू झालेले हे दुकान १९०४ साली फील्डकडून बाहेर पडलेल्या सेल्फ्रिजने घेतले आणि काही आठवड्यांतच ते कार्सन पिरी स्कॉट या कंपनीला विकले. कार्सनचे दुकान २००७ साली बंद झाले आणि २०१२ पासून तेथे टार्गेट या साखळीची शाखा आहे. मँडेल ब्रदर्स, द फेअर, बॉस्टन स्टोअर, सीगल-कूपर अशी एकेकाळी या रस्त्यावर ओळीने उभी असलेली मोठी दुकाने आज नावानेही उरलेली नाहीत.

पेढीचा खरा आर्थिक कणा समजून घेण्यासाठी मात्र नदीकाठी जावे लागते. फील्डच्या हयातीत उत्पन्नाचा मोठा भाग घाऊक व्यापारातून येई; मध्यपश्चिमेतील छोट्या गावांचे दुकानदार या पेढीकडून उधारीवर माल उचलत. वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी १८८७ साली या घाऊक विभागासाठी बांधलेली इमारत वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत आजही अभ्यासली जाते, परंतु ती १९३० साली पाडली गेली, कारण तिची जागा घेण्यासाठी कंपनीने नदीच्या उत्तर तीरावर मर्चंडाइज मार्ट ही सुमारे ४० लाख चौरस फुटांची, त्या वेळी क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठी इमारत उभारली होती. ती खुली झाली तोवर महामंदी सुरू झाली होती, आणि मोटारगाडीमुळे खेड्यातला गिऱ्हाईक थेट शहरात येऊ लागल्याने घाऊक व्यापाराचे दिवसही सरले होते. १९३५ साली अध्यक्ष झालेले जेम्स मॅकिन्झी, ज्यांच्या नावाची सल्लागार कंपनी पुढे जगप्रसिद्ध झाली, त्यांनी हा विभाग मोडीत काढला. दहा वर्षांनी मार्ट जोसेफ केनेडी यांना विकले गेले. इमारतीसमोर नदीकडे पाठ करून अमेरिकन व्यापारातील आठ नामवंतांचे ब्राँझचे अर्धपुतळे उभे आहेत आणि त्यांत फील्डही आहे.

घाऊक व्यापार गेल्यावर वाढीची वाट शाखांतून निघाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेक फॉरेस्ट, एव्हॅन्स्टन आणि ओक पार्क या उपनगरांत दुकाने निघाली आणि सिएटल येथील फ्रेडरिक अँड नेल्सन हे दुकान विकत घेतले गेले. फ्रँगो हे नाव मूळचे त्याच दुकानाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग मोटारीने उपनगरांत गेला, तेव्हा कंपनीनेच १९५६ साली स्कोकी येथे ओल्ड ऑर्चर्ड हे खरेदी-केंद्र सुरू केले. शाखा वाढल्या तशी एक अडचणही वाढली : मोझेइकचे छत, घड्याळ आणि वॉलनट रूम यांनी कमावलेली पत उपनगरी शाखांत पाटीच्या रूपाने नेता येई, पण त्या गोष्टी स्वतः नेता येत नव्हत्या.

पुढे ती पाटीच खरेदी-विक्रीचा विषय बनली. १९८२ साली ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको या तंबाखू कंपनीच्या अमेरिकन शाखेने मार्शल फील्ड विकत घेतले आणि १९९० साली मिनीॲपोलिसच्या डेटन-हडसनने ते सुमारे १०४ कोटी डॉलरना घेतले. याच कंपनीने नंतर टार्गेट हे नाव धारण केले आणि २००१ साली मिनीॲपोलिसच्या डेटन्स व डिट्रॉइटच्या हडसन्स या जुन्या दुकानांवरची नावे उतरवून तेथे मार्शल फील्डची पाटी लावली. शिकागोच्या नावाने दोन शहरांची नावे पुसली, तेव्हा शिकागोत फारशी खळबळ झाली नाही. २००४ साली मे कंपनीने सुमारे ३२४ कोटी डॉलरना हे दुकान घेतले आणि पुढच्याच वर्षी मे कंपनीला न्यूयॉर्कच्या मेसीजची मालक असलेल्या फेडरेटेड कंपनीने गिळंकृत केले. देशभर एकच नाव असले की जाहिरात, खरेदी आणि कारभार यांचा खर्च वाचतो, या हिशोबाने ९ सप्टेंबर २००६ रोजी बॉस्टनचे फाइलीन्स, पिट्सबर्गचे कॉफमन्स, सेंट लुइसचे फेमस-बार यांच्यासह सुमारे ४०० दुकाने एकाच दिवशी मेसीज झाली. त्या दिवशी घड्याळाखाली निदर्शक जमले आणि पुढील कित्येक वर्षे त्याच तारखेला जमत राहिले.

फील्डचे नाव दुकानावरून गेले तरी शहरातून गेलेले नाही. सरोवराकाठच्या संग्रहालय परिसरातील फील्ड म्युझियम हे निसर्गेतिहासाचे संग्रहालय त्याने १८९३ साली दिलेल्या १० लाख डॉलरवर आणि मृत्युपत्राने दिलेल्या ८० लाखांवर उभे राहिले. आरंभी ते जॅक्सन पार्कमधील, ॲटवुड यांनीच प्रदर्शनासाठी बांधलेल्या कलाप्रासादात होते आणि १९२१ साली आजच्या इमारतीत आले. शेजारचे मत्स्यालय फील्डनंतर पेढीचा प्रमुख झालेल्या जॉन शेडच्या देणगीचे आहे. उत्तरेकडील ग्रेसलँड दफनभूमीत पामर, बर्नहॅम आणि सुलिव्हन यांच्या समाध्यांपासून जवळच फील्डची समाधी असून तिच्यावरील बसलेल्या स्त्रीची मूर्ती डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवली आहे, ज्यांनी पुढे वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकाचा पुतळा केला.

मेसीजने २०१८ साली स्टेट स्ट्रीटच्या इमारतीचे वरचे मजले विकले असून तेथे आता कचेऱ्या आहेत, आणि २०२४ साली कंपनीने देशातील सुमारे १५० दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. नावे एकवटून केलेल्या बचतीने साखळी सावरली नाही, हा निष्कर्ष यातून निघतो. खर्चाच्या खात्यात एका शहराचा एका दुकानावरचा विश्वास नोंदवला जात नाही, परंतु उत्पन्नाच्या खात्यात तो दीडशे वर्षे येत राहिला होता. इमारत १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आणि २००५ पासून शहराची संरक्षित वास्तू आहे. त्यामुळे मालक कोणीही असला, तरी फील्डच्या नावाच्या पाट्या आणि दोन्ही घड्याळे जाणाऱ्या-येणाऱ्याला पाहायला मिळतील.